नाना, तुम्ही तेव्हा गप्प का बसलात?

मंडळी, नानांच्या शोकसभेला जमलात, बरं झालं. मी सुनंदा, अमळनेरजवळच्या गावात आशा सेविकेचं काम करते. मला भाषण येत नाही. त्यात नानांच्या पत्नी, आपल्या काकू, समोर बसल्या आहेत. काकू, आधीच माफ करा. आज मी नानांचं कौतुक करायला उभी नाही. मला त्यांचा राग आहे, आणि तो घरी ठेवून येता आलं नाही.

नाना आपले प्राध्यापक. कृत्रिम बुद्धिमत्तेचं राष्ट्रीय धोरण ठरवणाऱ्या समितीवर गेले, तेव्हा आपण पेढे वाटले. आठवतं ना? सरकारी मदतीच्या फोनवर मशीन बोलणार, तर ते कोणत्या बोलीत बोलावं, हे विचारायला नाना दिल्लीची माणसं घेऊन गावात आले. आणि आपण काय केलं? चांगली लुगडी नेसलो अन् पाहुण्यांसमोर बोलतो तसं शुद्ध बोललो. मीसुद्धा! खान्देशी कोणाच्या तोंडून निघाली नाही. माझ्या सासूबाईंना दुसरी बोली येतच नाही, म्हणून त्या कोपऱ्यात गप्प बसल्या.

समितीनं लिहिलं, इथल्या लोकांचं प्रमाण मराठीत भागतं.

मी नानांकडे धावले. म्हटलं, नाना, चूक आमची, पण तुम्हाला तर खरं माहीत आहे. तुमच्या आईचं तरी भागलं असतं का? ते म्हणाले, अक्का, काळजी करू नको, मी बैठकीत सांगतो. परत आले आणि म्हणाले, सांगितलं. मी गावभर सांगत फिरले, नानांनी सांगितलं!

धोरण छापून आलं. त्यात तेच वाक्य.

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या छातीत दुखलं. मी पाड्यावर होते. त्यांनी सरकारी फोन लावला. मशीन तीनदा म्हणालं, कृपया पुन्हा सांगा. त्या म्हणाल्या, "हाई काय बोलस, माले समजत नही." आणि फोन ठेवला. शेजारणीनं रिक्षात घातलं, म्हणून वाचल्या.

नाना शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होते, तिथे मी त्यांना हे सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, अक्का, मी बैठकीत बोललोच नाही. एवढ्या मोठ्या माणसांत मी गावठी दिसलो असतो.

नाना, तुम्हाला आमची लाज वाटली? ज्यांनी पेढे वाटले, त्यांची?

काकू, रडू नका. त्यांनी शेवटी खरं सांगितलं, एवढं मी मानते. पण माफ नाही केलं. उद्या गावाचं पत्र दिल्लीला जातंय, ते वाक्य बदला म्हणून. त्यात आमची चूक आहे आणि नानांचीही, नावासकट. पहिला अंगठा सासूबाईंचा. त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत लिहिलंय.

आता दोन मिनिटं उभे राहू या. त्याआधी नानांना एकच सांगते, त्यांच्या आईच्या बोलीत.

नाना, माले तुमना राग शे. नमस्कार.