जिन्यातला ओला कागद

चहा घ्या, पण भिंतीला कागद लावायची गोष्ट माझ्यापुढं काढू नका. निजामाच्या राज्यात मी आन् रहीमभाई हिंगोलीत हेच काम करायचो. अप्पाशेठ म्हणून हळदीचा एक व्यापारी होता. त्याच्या लेकीला, गोदीला, बघायला हैदराबादचे पाहुणे येणार होते. म्हणून जिन्याच्या भिंतीला त्यानं आमच्याकडून गुलाबाच्या फुलांचा कागद लावून घेतला.

माडीवर शेठची आई आजारी होती. आमी खळ लावून शेवटचा कागद चिकटवला, आन् वरून रडणं ऐकू आलं. म्हातारी गेली.

अंगणात तिरडी बांधून झाली. चौघं शेजारी म्हातारीला सतरंजीत घेऊन जिन्याच्या वरच्या तोंडाशी आले. जिना इतका अरुंद, की भिंतीला घासल्याबिगर उतरताच येईना. शेठ खाली आडवा उभा राहिला.

"थांबा! कागद ओला हाय. वाळू द्या."

रहीमभाईनं हात जोडले. "शेठ, मय्यत को मत रोको. कागद आमी पुन्हा लावून देऊ."

"असा कागद पुन्हा मिळायचा न्हाई!"

चौघं म्हातारीला धरून तसेच उभे. तेवढ्यात गोदी त्यांच्या बाजूनं खाली घुसली. तिनं भिंतीवरचा कागद दोन्ही हातांनी ओढत पार खालपर्यंत सोलून काढला.

"आणा आता आजीला."

तिरडीला खांदा द्यायला शेठ पुढं झाला, तशी ती म्हणाली, "तुमी कागद उचला, अप्पा."

आन् दोस्तहो, तो खरंच खाली बसून कागद गोळा करायला लागला. म्हातारीला शेजाऱ्यांनी नेलं.