तुकड्यांत जपलेली भिंत

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले संचालक साहेब, व्यासपीठावर बसलेल्या ग्रंथपाल बाई, पहिल्या रांगेत जरा अवघडून बसलेले ताईंचे यजमान आणि लेक, आणि चहाच्या दाराजवळच्या खुर्च्या आधीच धरून ठेवलेले माझे सहकारी,

मी संगणक विभागातला माणूस. भाषणाची सवय नाही. पण फोटो विभागाच्या ताई आज निवृत्त होताहेत आणि त्यांच्यामुळे सगळ्यांत जास्त डोकेदुखी मला झाली, तेव्हा बोलायचा पहिला मान माझा, असं साहेबांचं म्हणणं.

नव्या मंडळींना ताईंचं खरं नाव माहीत नसेल. सगळे ‘पट्टीताई’ म्हणतात. हे नाव कसं पडलं, तेवढंच सांगतो.

जुनी टेलिफोन कचेरी पाडायचं ठरलं, तेव्हाची गोष्ट. आतल्या लांबच लांब भिंतीवर तिथल्याच माणसांचं चित्र होतं. खांबावर चढलेले, तारा ओढणारे, आणि एका टोकाला बोर्डापुढे ओळीनं बसलेल्या ऑपरेटर बायका. भिंत काही वाचणार नव्हती. निदान तिचे फोटो आपल्या संग्रहात राहावेत, म्हणून ते काम ताईंकडे आलं.

भिंत लांब आणि समोरची जागा अरुंद. एका फोटोत मावणार कशी? ताईंनी स्टँड थोडा थोडा सरकवत तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढले आणि इथे येऊन ते संगणकावर जोडायला घेतले. झालं. सर्व्हरवर ताण येऊन सगळ्या इमारतीतले संगणक रांगायला लागले. मी धावत वर गेलो.

“ताई, काय लावलंय?”

“भिंत जोडतेय.”

“कुठवर आलीय?”

“तारवाल्याच्या गुडघ्यापर्यंत.”

बरेच दिवस गुडघ्याच्या वर ती गेलीच नाही. कधी संगणकाची मेमरी संपायची, कधी जोडणीच्या तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरायची. एकदा चित्र पुरं जुळलं, तर फाइल सेव्ह होईना. त्या प्रकारच्या फाइलीत एवढं मोठं चित्र बसतच नव्हतं.

साहेब म्हणाले, “वेबसाइटवर बघायला एवढं मोठं हवंय कुणाला? फोटो लहान करा, जोडा आणि मूळ फोटो काढून टाका. बाकीचे विभाग खोळंबलेत.”

साहेब, तुमचं काही चूक नव्हतं. सर्व्हर सगळ्यांचा होता, आणि मीही तुमच्याच बाजूनं होतो.

ताई म्हणाल्या, “दाखवायला लहान करते. मूळ टाकत नाही. भिंत पडल्यावर परत फोटो काढायला कुठे जाऊ?”

“मग जागा तुम्हीच करायची.”

“करते.”

आणि केली. शेजारच्या दोन फोटोंत तिसरा हिस्सा सारखा आला की जोडायला पुरे होतो. ताईंनी धास्तीपोटी त्याहून कितीतरी जास्त फोटो काढले होते, ते जोडणीतून वगळले. मग सबंध भिंत एकदम जोडायचा नादच सोडला. तिच्या पट्ट्या पाडल्या. एक पट्टी पूर्ण आकारात जोडायची, उजेड सारखा करायचा, जोडताना फाइलीत एकावर एक साचलेले थर एकत्र करायचे. रंगांची जादा खोली, म्हणजे छटांचा बारकावा, फक्त उजेड सारखा करण्यापुरती लागते, ती कमी केली की फाइल निम्मी. मग ती सेव्ह करायची, तात्पुरतं सगळं पुसायचं आणि पुढची पट्टी घ्यायची. सबंध भिंतीचं चित्र तेवढं लहान प्रतींवरून केलं. मूळ फोटो आणि पट्ट्या, दोन्हींच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर गेल्या. एक ताईंकडे, दुसरी ग्रंथपाल बाईंच्या कपाटात. माझा सर्व्हर मोकळा झाला. भिंत पडली.

इथे संपलं असतं तर आज मी एवढं बोललो असतो का?

पुढे एक बाई आल्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. म्हणाल्या, “माझी आई तिथे ऑपरेटर होती. चित्रकारानं आपल्याला समोर बसवून काढलं, असं सांगायची. आम्हाला कधी आत सोडलं नाही. आता आई नाही, आणि तिच्या तरुणपणचा एकही फोटो घरात नाही.”

साहेबांनी स्वतः वेबसाइटवरचं चित्र उघडलं. मोठं करत गेले, तसे चेहऱ्यांचे नुसते चौकोन उरले. बाई पर्स उचलून निघायच्याच बेतात होत्या.

“बसा हो जरा,” ताई म्हणाल्या आणि डिस्क घेऊन आल्या. शेवटची पट्टी उघडली. एकेक चेहरा पुढे येत गेला. ही नाही. ही पण नाही.

“थांबा. हिनं ते ऐकायचं यंत्र डाव्या कानाला लावलंय ना?”

खरंच. बाकी सगळ्यांच्या उजव्या कानाला होतं.

“आईला उजव्या कानानं ऐकू येत नसे. नोकरी जाईल म्हणून तिनं तिथे कुणाला कळू दिलं नव्हतं.”

ताई म्हणाल्या, “चित्रकाराला दिसलं होतं.”

मग त्या बाईंनी विचारलं, “अजून जवळ जाता येईल?”

“येईल की.” ताई जवळ जात राहिल्या, पापण्यांवरचे ब्रशाचे फटकारे दिसेपर्यंत. मग विचारलं, “छापून केवढं देऊ?”

“आमच्या दारातून आत येईल एवढं.”

त्याच आठवड्यात साहेबांनी नियम केला : मूळ फोटो टाकायचा नाही, आणि दर वर्षी नवी डिस्क घ्यायची. त्यावर सही साहेबांची असली, तरी तो नियम कुणाचा हे इथे सगळे जाणतात.

ताई, उद्यापासून तुमच्या टेबलाशी दुसरं कुणी बसेल. तुमच्या पट्ट्या आहेत तिथेच राहतील, मी त्यांच्यावर लक्ष ठेवीन.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ताईंच्या घरच्यांनी इतकी वर्षं त्यांना आम्हाला उसनं दिलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.