घासलेला नंबर

गिटार देऊन टाकणं किती सोपं, असं मलाही वाटलं होतं. हे गेल्यापासून त्यांची इलेक्ट्रिक गिटार पलंगाखाली पडून होती. कुणाच्या तरी हातात वाजावी, म्हणून विकायला काढली. कळमनुरीचा संदीप नावाचा एक पोरगा बघायला आला. त्यानं तारा छेडल्या, मागचे स्क्रू उघडून आतल्या वायरी तपासल्या. मग गिटारीच्या डोक्यावर, कंपनीच्या नावाखाली बोट ठेवलं.

"काकू, इथला कंपनीचा नंबर कुठं गेला?"

"ह्यांनी घासून काढला."

"काहून?"

"पार्टीचं नाव लिहायला जागा नव्हती."

तिथं निळ्या रंगात लिहिलं होतं, 'पिंपळपान गायन पार्टी, गोरेगाव'.

संदीप कसंनुसं हसला. "नंबर न्हाई म्हणल्यावर डुप्लिकेटच वाटते, काकू. काकांना कुणीतरी फसवलं असंल."

ते मात्र मला लागलं. हे जन्मभर सगळ्यांना 'एकदम ओरिजिनल' म्हणून सांगत आले होते.

खात्रीसाठी त्यानं नांदेडच्या आपल्या गिटारच्या मास्तरांना व्हिडिओ कॉल लावला आणि गिटार फोनसमोर धरली. मास्तर ओरडलेच.

"अरे, ही तर माझी! मीच दिली होती त्या पिंपळपानवाल्याला. बराबर ओरिजिनल हाय. माझ्याच ओट्यावर बसून पॉलिश पेपरनं घासून राहिला होता. मी म्हणलं, भाऊ, नंबर जाईल, पुढं कुणी घेणार न्हाई. तर म्हणे, मास्तर, मला कुठं विकायची हाय?"

मला हसू आलं.

"ऐकलंस ना? विकायची नाही म्हणाले. तू तशीच घेऊन जा, पैसे नको."