सासूचा रंग उतरवून

हॅलो?… हॅलो… हो, मीच, चंचल… अवो डिंपल, जोरात बोल ना, जीप लय धडधड करून राहिली… हो, निघालो… नाही, तिरोड्यातून नाही वो, तिकडच्या एका खेड्यातून. मंडईच्या जत्रेतलं नाटक होतं ना, उजाडता उजाडता सुटलं… गोरेगाव मागं गेलं. आता सौंदडलेच येऊन राहिलो.

रिंकी उठली का?… दूध पिली?… अन् तिच्या बाबाचा फोन आला होता का सुरतहून?… बरं, बरं.

आता ऐक. तू तिले घेऊन फाटकावर ये… रेल्वे फाटकावर, दुसरं कोणतं! खुशालभाऊ म्हणते, एक चहा होईपर्यंत गाडी थांबवतो, त्याच्यापेक्षा जास्त नाही. नाटक कंपनीचा मालक आहे तो, त्याले घाई. आज इटियाडोह धरणाच्या तिकडं नाटक आहे… हो, एका चहापुरतंच. तेवढ्यात मले माझ्या पोरीले एकदा कडेवर घ्यायचं आहे. बस.

नाही ना भेणार! आज नाही भेणार… अवो मागच्या खेपेले मी रंगातच आली होती म्हणून… मले माहीत नाही का? तुझ्या, मावशीच्या पदरात तोंड खुपसलं होतं तिनं. मी हात पुढं केला तं अशी किंचाळली… त्या दिवशी मले स्टेजवर एक डायलॉग सुचेना. प्रॉम्प्टर ओरडून ओरडून थकला बिचारा.

अन् लेकराचं तरी काय चुकलं? तो सासूचा रंग म्हणजे… जाड्या भुवया, कपाळभर आठ्या, डोळ्याखाली काळं… हो, तेच खाष्ट सासूचं काम. दिवाळीपासून तेच करून राहिली.

पण आज तोंड साफ आहे!… खोबरेल तेलानं? कुठलं तेल! थंडी पाहिली का? बाटली गोठून दगड झाली. बोनेटवर ठेवली, काखेत धरली, हलाले तयार नाही. अन् जीपमधी पाणी कुठं? मागं एकदा सीटवर तेल सांडलं तं खुशालभाऊ गावभर बोंबलला.

वाइप्स!… वा-इ-प्स… ओले कागद राहतात वो, पाकिटात. एक कागद काढायचा, तोंड पुसायचं, फेकून द्यायचा. पाणी नको, साबण नको… आमची ती नागपूरची हिरोईन आहे ना… हो, सुनेचं काम करते तीच. तिनं दिले. म्हणे, “चंचलबाई, सफर में यही अच्छा.” स्टेजवर रोज मी तिले उपाशी ठेवते, अन् तिनं पाहा कसा जीव लावला!

वास ना? लहान लेकराच्या पावडरीसारखा. म्हणून तं खूश झाली मी. म्हटलं, रिंकीले आवडन.

पाकीट पुरलं कुठं! या लोकांच्या हाती लागलं ना… कैलाशनं, ड्रायव्हरनं, एक घेतला अन् गाडीची काच पुसली. हो, काच! धुकं गेलं पण आता काच तेलकट. पूरा अंदाजानं चालवून राहिला. लोकेंद्र, तो आमचा खलनायक, मिशीचा गोंद काढाले बसला. गोंद तसाच अन् ओठावरची कातडी लालभडक… अन् खुशालभाऊनं हुंगून पाहिला, म्हणते कसा, “इसको खाते हैं क्या?”… देवाशप्पत!… शेवटी उरलेले मी पोलक्यात लपवले.

हो, हो, सगळं निघालं. पहिला कागद तं चुलीच्या पोतेऱ्यासारखा झाला. कैलाशचा आरसा माझ्याकडं फिरवून घेतला. तो ओरडून राहिला, “बाई, मागचं दिसत नाही!” मी म्हटलं, तुले पुढचं तरी कुठं दिसते?

कुंकू?… हा, मले माहीतच होतं तू हे विचारशील. नाही पुसलं ना! येडी आहे का मी? नवरा सुरतले सुखानं आहे माझा. चुलीभोवती सारवतो तसं कुंकवाच्या भोवती भोवती पुसलं. हिरोईन हसून हसून लोळली.

अन् गोरेगावची गंमत सांगायची राहिली. डिझेल भराले थांबलो, तवा माझं अर्धंच तोंड पुसून झालं होतं. बाजूच्या टपरीवर एक बुढी बसली होती, मंडईची पाहुणी, रातभर नाटक पाहिलेली. मी बाकावर बसली तं उठलीच! “हेच तं होय! सुनेले छळणारी!” मी हा साफ गाल दाखवला, म्हटलं, आजी, मी नाही वो तशी. ती म्हणते, “दोन तोंडाची बी हायेस का वो?”… हो ना! चहावाला पैसे घ्यायचं विसरला हसता हसता.

आलं, आलं. फाटक दिसून राहिलं… हात तिच्या! फाटक पडलं… गाडी यायची आहे वाटते… तू कुठं आहेस? पोहोचली?… पलीकडं?… थांब, उतरते मी… दिसली, दिसली! ते लाल स्वेटर तिचंच ना? किती उंच झाली वो! मी हात हलवून राहिली, दिसला का?… दाखव तिले. म्हण, ते पाहा आई.

भेली?… नाही ना? म्हटलं होतं ना मी! नुसतं टक लावून पाहून राहिली… मंग हसत काऊन नाही?… काय म्हणाली?… जोरात सांग, गाडीचा भोंगा वाजून राहिला… “आई, ते कोण?”…

तुले विचारलं?… तुले आई म्हणते ती?

थांब. गाडी आली. काही ऐकू येत नाही… थांब.

…

हॅलो… आहे, आहे. गेली गाडी… नाही वो, रडत नाही. त्या कागदानं डोळे झोंबून राहिले… कधीपासून म्हणते?… मले सांगितलं काऊन नाही?… बरं, राहू दे. राहू दे म्हटलं ना. तू कायले माफी मागतेस? घास तू भरवतेस, कुशीत तू घेतेस, लेकरानं आई मंग कोणाले म्हणायचं?… वाईट वाटलं. लय वाटलं, खोटं कायले बोलू? पण तुझ्यावर राग नाही माझा. तुझ्या गळ्याची शप्पत.

ए, तिले रागावू नको!… जबरदस्ती नको करू, डिंपल. म्हणते तं म्हणू दे. मावशी म्हण म्हणावं मले… हो, खरंच सांगून राहिली. रोज रात्री सासू होते, एक सीजन चेटकीण बी झाली. आज मावशी होईन. मावशी म्हणून तरी कडेवर येईल ना?

खुशालभाऊ! आज दोन चहा घ्या. मी सांगेपर्यंत गाडी हलली नाही पायजे!… तुले नाही वो, त्याले म्हटलं… बसला चहाले. माझं तोंड पाहूनच बसला.

फाटक उघडून राहिलं… चल, ठेवते… अन् ऐक ना, तिले काही सांगू नको. आधी अंगावर येऊ दे. मी कोण ते मंग हळूच तिच्या कानात सांगते.