दाराआडचं उत्तर

मंडळी, आज कीर्तनाचं नमन थोडक्यात उरकलं, कारण प्रश्न मोठा आहे. ऐका! ज्या घरात यंदा मरण येऊन गेलं, त्या घरासमोरून जाताना माणसानं काय करावं? आवाज खाली करावा — की हाक मारावी?

काय म्हणता आजोबा? "आवाज खाली करावा." वा! शहाण्या माणसाचं उत्तर! बायकाही माना डोलावतायत. आणि आमचे पेटीवाले सायमनराव तर इतके शहाणे, की त्यांनी पेटीचा भाताच सोडून दिला! अहो वाजवा, इथं कुणी मेलेलं नाही. अजून तरी!

तर नगराकडं बोरखडी नावाचं गाव. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही — नकाशा काढणारा आला तेव्हा थंडी इतकी होती की तो अलीकडच्या गावातूनच परत गेला. थट्टा नाही! तिथं डिसेंबरात कोंबडा आरवायला तोंड उघडतो, आणि चोच तशीच आखडते ती थेट दुपारपर्यंत. कोंबडा उभा, चोच उघडी! गरीब लोक त्या चोचीत वात ठेवून दिवा करतात. आता खोटं वाटत असेल तर पुढच्या डिसेंबरात जाऊन बघा. मी काही येत नाही.

त्या गावातल्या ख्रिस्ती आळीत नाताळची एक रीत होती. आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, गाणारी मंडळी दारोदार निघायची. पुढं पंच योसेफतात्या, मागं लाजरस ढोलकीवाला — माणूस एवढा ऐसपैस, की ढोलकी त्याच्या पोटावर आपोआप बसायची, दोरी लागत नसे — आणि त्याच्यामागं टाळवाली पोरं. दारापुढं आले की घरातल्यांनी दार लावून घ्यायचं. उघडं असलं तरी लावायचं! मग बाहेरून गाणं:

*उघडा दार, उघडा दार,*
*बाहेर वारा झोंबतो फार!*
*बाळ आलंय, आई दमली,*
*जागा कुणाच्या घरी उरली?*

एवढं म्हणून सगळे गप्प. ढोलकीसुद्धा गप्प. आणि मग दाराआडून घरच्या बाईनं उत्तर द्यायचं — "जागा आहे, आत या!" हे बाईनंच म्हणायचं. पुरुषाला तिथं तोंड नाही. का? अरे बाबा, त्या रात्री बेथलेहेमात सगळे धर्मशाळेवाले पुरुषच होते ना! त्यांना विचारून काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे — दिवस भरलेल्या आईला एकानंही जागा दिली नाही!

आता त्या आळीत शलमोन त्रिभुवन नावाचा गवंडी. हात असा सरळ, की त्यानं बांधलेली भिंत बघून ओळंबा लाजावा! आणि त्याची बायको सुवार्ता. ही बाई म्हणजे आळीचा तमाशा हो — चांगल्या अर्थानं! सगळ्या बायका एका ओळीत उत्तर देऊन दार उघडायच्या. ही? ही आतून ओरडायची, "जागा नाही, पुढं जा! सकाळी एक उंट आला, तो अजून चुलीपुढं बसलाय!" बाहेर हशा. की पुन्हा, "आधी सांगा, लाजरसभावजींनी माझी परात परत आणलीय का?" लाजरस बाहेरून म्हणायचा, "आणतो वहिनी, उघडा, कान गळून पडले!" — "पडू द्या, उंटाला घालते!"

शलमोन आत बाजेवर बसलेला. मांडीवर धाकटा बेन्या, शेजारी थोरली हन्ना. तो म्हणायचा, "अगं उघड की आता." ती दाराला पाठ लावून, पदर तोंडात कोंबून हसत म्हणायची, "थांबा हो, जरा गार होऊ द्या त्यांना." आणि मग एकदम कडी काढून, खणखणीत — "जागा आहे, आत या!"

मंडळी, एका साली पावसाळ्यात सुवार्ताला कावीळ झाली. गावातलं औषध झालं, तालुक्याचं झालं. पोळ्याच्या आत घर रिकामं झालं.

पेटी जरा हळू, सायमनराव.

शलमोन रडला नाही. लोक म्हणाले, गडी खंबीर. सकाळी भाकरी थापायचा — ओळंब्यात बसणारा हात, पण भाकरी वाकडी! — कामावर जायचा, संध्याकाळी यायचा. डिसेंबर लागला. आळीत घरं सारवायला, रंगवायला काढली. करंजीचं सारण भाजल्याचा वास भिंतीवरून उड्या मारून आत येऊ लागला. लेकरांच्या नाकाला कुठली कडी लावणार?

हन्ना सात वर्षांची. म्हणाली, "बाबा, आपण फराळाचं कधी करायचं?"

"यंदा आपल्याकडं नाताळ नाही."

बेन्या चार वर्षांचा. त्यानं विचारलं, "मग कुणाकडं गेलाय?"

हसलात? शलमोन नाही हसला. थापी उचलून बाहेर पडला.

शेजारच्या मार्थामावशीनं त्याला दारातच गाठलं. "शलमोन, मन मारून का होईना, पण लेकरांसाठी तरी कर रे."

"काय करू मावशी? नाचू?"

"चार करंज्या मी देते. नाताळची चांदणी तेवढी लाव दाराला."

"दुःखाचं घर आहे. असू द्या तसंच."

आणि तो गेला थेट योसेफतात्यांकडं. म्हणाला, "तात्या, यंदा माझ्या दारी गाणं नको." तात्या म्हणजे मोठा समजूतदार माणूस. त्यांनी शलमोनच्या खांद्यावर हात ठेवला. "कळतं बाबा. आम्ही काय परके आहोत? तुझ्या दारावरून जाताना ढोलकी बंद ठेवू. पायसुद्धा वाजू देणार नाही."

केवढं मोठं मन! नाही का, आजोबा?

शलमोननं मावशीला दुःखाचं घर म्हणून सांगितलं. पण खरं कारण वेगळंच होतं. सारण भाजलं असतं त्यानं. चांदणीही लावली असती. पण ते गाणं म्हणून झाल्यावर सगळे गप्प होतात ना — ती शांतता! त्या शांततेत काय ऐकू येणार, आणि कुणाचा आवाज ऐकू येणार नाही, हे त्याला माहीत होतं. तेवढं एक त्याला सोसणार नव्हतं.

आता ऐका, गवंड्यानं काय केलं ते.

एक दिवस तो कामावरून जरा लवकर आला. घरात खळीचा वास. बघतो तर जमिनीवर खराट्याच्या काड्या, पतंगाचा लाल कागद, आणि मधोमध दोन लेकरं कोपरापर्यंत चिकट. चांदणी झाली होती! पाचाऐवजी चार टोकांची, एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब, पण चांदणी होती.

"हे कुणी सांगितलं करायला?"

"आईनं," हन्ना म्हणाली.

"काय बोलतेस? कधी सांगितलं?"

"गेल्या वर्षी. म्हणाली, पुढच्या वर्षी तू करायचीस, मी नुसती बघणार."

 शलमोननं वाकून चांदणी उचलली, आणि चुलीत घातली.

काड्या वाळलेल्या, कागद पातळ. भक्कन लाल उजेड पडला घरभर. आणि बेन्यानं टाळ्या पिटल्या हो! पोराला वाटलं, बाबांनी चांदणी लावली! "पेटली! ताई, पेटली आपली चांदणी!" मग त्यानं बहिणीचं तोंड बघितलं, आणि त्याचे हात तसेच हवेत राहिले.

हन्ना रडली नाही. जमिनीवर सांडलेली खळ नखानं खरवडत बसली. बापाचंच रक्त ते.

त्या दिवसापासून लेकरांनी मागणं बंद केलं. मंडळी, तुमच्या घरात लेकरं हट्ट करतात ना? लाडू दे, फुगा दे, नवा शर्ट दे? डोकं उठतं ना? त्या डोकेदुखीबद्दल आज रात्री देवाचे आभार माना. शलमोननं बाजारातून शेव आणली. हन्ना म्हणाली, "ठेवा बाबा, नंतर खाऊ." सात वर्षांची पोर, आणि पाहुण्यासारखी बोलली! शलमोनला म्हणायचं होतं, चुकलो. पण शब्द भिंतीत चिणून बसलेला, निघतोय कसला.

अशी आली नाताळची आदली संध्याकाळ.

शलमोननं लवकर दार लावलं, कडी घातली. कंदील बारीक केला. वळून बघतो तर लेकरं दारासमोर बसलेली. तोंडं धुतलेली. हन्नानं बेन्याचा भांग पाण्यानं पाडलेला, त्याला गेल्या वर्षीचा शर्ट चढवलेला — बेंबी बाहेर!

"झोपा आता."

"गाणं येऊन गेलं की झोपतो," बेन्या म्हणाला.

गाणं येणार नाही हे त्यानं लेकरांना सांगितलं नव्हतं. आता सांगावं, म्हणून तोंड उघडलं, आणि आळीच्या टोकाला ढोलकी वाजली.

एक घर झालं. दुसरं झालं. ढोलकी मार्थामावशीच्या दारात आली. *जागा कुणाच्या घरी उरली?* — गप्प — आणि मावशीचा कापरा आवाज, "जागा आहे, आत या!" मग हसणं, ताटं, टाळ. बेन्या उठून उभाच राहिला. पुढचं घर त्यांचं!

मावशीच्या घरातून मंडळी निघाली. आणि आवाज थांबला.

काहीच नाही. नुसती मुरमावर पावलं, सावकाश टाकलेली. कुठंतरी एक टाळ चुकून किणकिणला, आणि कुणीतरी दबकं "श्श!" केलं. लाजरसनं ढोलकीच्या कातड्यावर तळहात दाबून धरला असणार. सगळी आळी, थोरमोठे, लहानगे, चोरासारखे त्या दारावरून गेले. आणि विहिरीच्या पलीकडं पोचल्यावर ढोलकी पुन्हा सुरू!

बेन्यानं विचारलं, "ताई, त्यांना आपलं घर दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"दिसलं म्हणूनच गप्प झाले."

"आपण काय केलंय?"

हन्नानं थोडा विचार केला. मग गणित समजावून सांगावं तसं शांतपणे म्हणाली, "आपली आई मेली ना. आई नसली की बाळ येत नसेल त्या घरी."

आता सांगा मंडळी! तात्या दुष्ट होते का? लाजरस दुष्ट होता का? सगळ्यांनी मानच दिला! पण त्या मानाचा लेकरांनी लावलेला अर्थ तुम्ही ऐकलात ना? शलमोननंही ऐकला. त्यानं कडी काढली आणि तसाच अनवाणी धावत सुटला.

"तात्या!"

आवाज कसला, नुसती फाटलेली हवा. पुन्हा ओरडला, "तात्या!"

गाणं तुटलं. तात्या घाईनं आले. "काय रे? लेकरं बरी आहेत ना?"

"परत या."

"अरे, तूच म्हणाला होतास —"

"म्हणालो होतो. आता म्हणतोय, या."

लाजरसनं भीतभीत विचारलं, "शलमोनभाऊ… वाजवू?"

"वाजव."

शलमोन घरात शिरला, दार लावलं. बाहेर माणसं गोळा झाली. मार्थामावशी पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी. ढोलकी वाजली, पण लाजरसची बोटं जागच्या जागी अडखळत होती. *बाळ आलंय, आई दमली, जागा कुणाच्या घरी उरली?*

गप्प.

आत शलमोन, हात कडीवर.  बाहेर कुणी खोकलंसुद्धा नाही. ती शांतता, जिच्या भीतीनं त्यानं महिनाभर घराचं थडगं केलं होतं, ती आता पुढ्यात उभी होती. त्याला वाटलं, तिच्यासारखं उंटाचं काहीतरी बोलावं. जमेना. हन्ना त्याच्याकडं टक लावून बघत होती. तिला शब्द पाठ होते, पण ती बोलली नाही. ते घरच्या बाईनं बोलायचं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

शेवटी शलमोन म्हणाला, "जागा आहे."

आणि मग कपाळ दाराला टेकवून, "बाई नाही."

 मग योसेफतात्यांचा आवाज आला, अगदी दाराच्या फटीशी. "बाळाला जागा लागते रे, शलमोन. उघड."

त्यानं उघडलं.

आता तुम्हाला वाटत असेल, आकाशात दूत आले, भिंती सोन्याच्या झाल्या. मी थापाड्या आहे, मंडळी, पण इथं थाप मारणार नाही. काही झालं नाही. माणसं आत आली, दाटीवाटीनं बसली. करंजी नव्हती, लाडू नव्हता. हन्नानं शेवेचा पुडा उलगडून मधे ठेवला. लाजरसनं एक चिमूट घेतली आणि तोंडात घालायचंच विसरला. गाणं पुन्हा म्हटलं, हळू. बेन्या ढोलकीवर डोकं ठेवून झोपला, म्हणून ती पुढं वाजलीच नाही. सुवार्ता परत आली नाही. ती जागा रिकामी होती, सगळ्यांनी बघितली, आणि सगळे तिच्या कडेकडेनं बसले.

माणसं गेल्यावर शलमोन चुलीपाशी बसला. म्हणाला, "हन्ना, चांदणी मी जाळायला नको होती."

 पोर येऊन शेजारी बसली. मग तिनं विचारलं, "पुढल्या वर्षी पण तुम्हीच उत्तर देणार?"

"दुसरं कोण आहे?"

"मग मोठ्यानं द्या. बेन्याला नीट ऐकू आलं नाही."

मंडळी, एवढंच झालं बोरखडीला.

आता मला सांगा, आजोबा — आवाज खाली करावा की हाक मारावी? का, आता मान खाली? दुःखाला मान देणं आणि दुःखाला वाळीत टाकणं, हे दोन्ही आतल्या माणसाला सारखंच ऐकू येतं — पायांचा आवाज, आणि मग काहीच नाही! शलमोनचं ठीक, त्यानं दार उघडलं, धावत आला. सगळ्यांना धावता येत नाही. काही जण कडी लावून बसतात, आणि आपण म्हणतो, "राहू दे बिचाऱ्यांना."

इतक्या माना खाली गेल्यात, म्हणजे या गावातही असं एक घर आहे. मला नाव सांगू नका. मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. येताना तुम्ही त्याच्यावरूनच आलात.

कीर्तनाचं शेवटचं गाणं मी इथं म्हणणार नाही. ते त्या दारात म्हणू. आत नाही घेतलं, तर बाहेर म्हणू. सायमनराव, पेटी उचला. टाळ घ्या, चपला घाला, लेकरांना कडेवर घ्या.

आणि वाजवत चला!