सोबतीला माणूस हवा

डॉक्टर : ...तर अभिनंदन, हवालदार. मंजुरी आली. अकराच्या हेलिकॉप्टरने तुम्ही आघाडीमागच्या इस्पितळात जाताय. मानसोपचार विभाग, तीन आठवडे, खिडकीजवळची खाट.

हवालदार : कोण जातंय?

डॉक्टर : कोणी नाही.

हवालदार : आत्ता म्हणालात की.

डॉक्टर : मी? मी म्हटलं, चहा घ्या. तुम्ही उठून दाराकडे निघालात म्हणून. कंपाउंडर, मी दुसरं काही बोलले?

कंपाउंडर : मॅडम सकाळपासून एक शब्द बोललेल्या नाहीत. मला तर काळजीच वाटायला लागली होती.

हवालदार : हा दवाखाना आहे की नाटक कंपनी?

डॉक्टर : दवाखाना. नाटक कंपनीला पंखा तरी मिळतो. बसा.

हवालदार : बसतो, पण चहापुरता. चौकीवर माझी पोरं आहेत. आणि एक सांगून ठेवतो, मॅडम. मी वेडा नाही.

डॉक्टर : वेडा कोण म्हणतंय? कागदावर 'अतिश्रम आणि निद्रानाश' लिहिलंय.

हवालदार : इथून निघताना निद्रानाश. घरी पोचेपर्यंत त्याचं वेड होतं. सासूबाई तेरा वर्षं म्हणताहेत, जावयाच्या डोक्यात काहीतरी ढिलं आहे. आता त्यांना सरकारी शिक्क्यासकट पुरावा पाठवू? फ्रेम करून लावतील बैठकीच्या खोलीत.

कंपाउंडर : माझ्या आत्याने माझ्याबद्दल पुराव्याशिवायच लावलंय, दादा.

डॉक्टर : पुढचं हेलिकॉप्टर नऊ दिवसांनी आहे. तोवर मी थांबू शकत नाही. परवा पहाटे तुम्ही कुंपणाबाहेर सापडलात.

हवालदार : फिरायला गेलो होतो.

डॉक्टर : सुरुंगांत?

हवालदार : तिकडे गर्दी नसते.

डॉक्टर : हवालदार.

हवालदार : हां, सोबत म्हणून पाठवत असाल तर गोष्ट वेगळी. डोक्याच्या पेशंटला एकट्याने उडवत नाहीत, बरोबर एक शहाणा माणूस लागतो. मी दोनदा गेलोय. दोन्ही पेशंट जसेच्या तसे पोचवले, पोच घेतली, संध्याकाळी परत.

डॉक्टर : सध्या माझ्याकडे पेशंट एकच आहे.

हवालदार : मग दुसरा बघा एखादा.

कंपाउंडर : मी होतो.

डॉक्टर : तू?

कंपाउंडर : आठ महिने सुट्टी नाही, मॅडम. मला वेडं व्हायला फार तयारी लागणार नाही. मी पेशंट, दादा सोबत. दोघंही अकराच्या फेरीत. सगळे खूश.

डॉक्टर : हे नियमात बसत नाही.

कंपाउंडर : या तंबूतलं काय बसतं, मॅडम? टेबलाचे पायही बसत नाहीत.

हवालदार : पोरगा बरोबर बोलतोय. चल, पट्टा काढ.

कंपाउंडर : पट्टा?

हवालदार : डोक्याचा पेशंट म्हटलं की पट्टा, बुटांच्या नाड्या, वस्तरा, चाकू, सगळं सोबतीच्या ताब्यात. नाड्याही सोड. मुकाट्याने.

कंपाउंडर : आणि विजार?

हवालदार : ती धरायला तुला दोन हात आहेत.

कंपाउंडर : दादा, मग सलाम कशाने ठोकू?

हवालदार : वेड्याला सलाम माफ असतो. आता ऐक. तिथले डॉक्टर फार प्रश्न विचारतात. तू गडबडलास तर दोघांनाही त्याच फेरीने परत पाठवतील. मॅडम, विचारा त्याला. तालीम होऊन जाऊ दे.

डॉक्टर : ठीक आहे. झोप लागते?

कंपाउंडर : अजिबात नाही. आणि मी कोंबडी आहे असं मला वाटतं.

हवालदार : कोंबडी! अरे गाढवा, कोंबडीसाठी कोणी हेलिकॉप्टरचं इंधन जाळतं का? नीट सांग. झोप लागते. पडल्या पडल्या लागते. पण अर्ध्या तासात डोळे टक्क उघडतात.

डॉक्टर : कशाने?

हवालदार : कशानेच नाही, तीच तर गंमत आहे. कोणी हाक मारत नाही, कुठे खुट्ट होत नाही. सांग त्यांना.

कंपाउंडर : कुठे खुट्ट होत नाही, मॅडम.

डॉक्टर : मग काय करता?

कंपाउंडर : मग... आरवतो?

हवालदार : मग उठून माणसं मोजायची! हाताखाली अकरा पोरं आहेत. टॉर्च जमिनीकडे धरायचा, तोंडावर मारायचा नाही, दमलेली असतात. एकेक पांघरूण बघत जायचं. दहा भरतात.

डॉक्टर : अकरावा?

हवालदार : तो इस्पितळात. डावा पाय गुडघ्याखाली गेला. सात आठवडे झाले. सगळ्या चौकीला माहीत आहे.

कंपाउंडर : मला पण माहीत आहे.

हवालदार : माहीत असतंच रे. हेच तर नीट सांगायचं. डोक्याला माहीत असतं, पायांना कोणी कळवलेलं नसतं. दहा भरले की पाय निघतात अकरावा शोधायला. आधी खंदक बघतात. मग स्वयंपाकाचा तंबू. मग कुंपण.

डॉक्टर : कुंपणापाशी काय आहे?

हवालदार : पाण्याची टाकी आहे ना. मी त्याला कॅन भरून आणायला पाठवलं होतं. दोन मिनिटांचं काम. खरं म्हणजे मीच जाणार होतो. पण बूट काढून बसलो होतो. कोण घालतंय परत, म्हटलं, तू जा.

कंपाउंडर : दादा...

हवालदार : मध्ये बोलू नकोस. पाठ कर.

डॉक्टर : घरी हे कोणाला सांगितलंय?

हवालदार : बायको फोनवर विचारते, जेवलात? जेवलो. झोप झाली? झाली. मागे पोरांची मारामारी चाललेली असते. मी ऐकत राहतो. एक आवाज, दोन आवाज. दोन भरले की फोन ठेवतो.

कंपाउंडर : मला एवढं नाही पाठ व्हायचं, दादा. माझ्या बोलण्यात ते येणारच नाही.

हवालदार : का नाही येणार?

कंपाउंडर : माझ्या पायांना सगळं कळवलेलं आहे.

डॉक्टर : हवालदार, फॉर्म बघून घ्या. सोबतीचा रकाना मी भरलाय, पेशंटचा कोरा ठेवलाय. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

हवालदार : सोबतीत याचं नाव लिहिलंत, मॅडम. उलटं झालंय.

डॉक्टर : झालंय का?

(हवालदार फॉर्मकडे बघत राहतो, फार वेळ, एका पानाच्या मानाने तर फारच. मग पेन उचलून एक नाव लिहितो, खाली वाकतो आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडवायला घेतो. गाठी पक्क्या बसलेल्या असतात. बरेच दिवस कोणी ते बूट काढलेले नसावेत.)

हवालदार : हा घे तुझा पट्टा. हेलिकॉप्टरपाशी वारा फार असतो, अब्रू सांभाळ.

कंपाउंडर : आणि नाड्या?

हवालदार : काळ्या तुझ्या, तपकिरी माझ्या. माझ्या ताब्यात घे. वस्तरा डाव्या खिशात आहे, तोही काढ. चाकू पिशवीत. बघतोस काय? झडती घे. पेशंटच्या शब्दावर सोबतीने विश्वास ठेवायचा नसतो.

कंपाउंडर : मी ठेवतो थोडा.

हवालदार : म्हणूनच तुझी बढती अडलीय.

डॉक्टर : चहा गार झाला. दुसरा सांगू?

हवालदार : नको. मॅडम, आज रात्री पोरं कोण मोजणार?

डॉक्टर : मी.

हवालदार : तुम्ही टॉर्च तोंडावर माराल.

डॉक्टर : जमिनीकडे धरेन.

हवालदार : कोपऱ्यातला एक जण पांघरुणात पूर्ण गुरफटून झोपतो. उशी समजून पुढे जाल. तो मोजायचा.

डॉक्टर : मोजेन. दहा.

हवालदार : हो. दहा.

कंपाउंडर : मॅडम, आवाज येतोय. आलं हेलिकॉप्टर.

डॉक्टर : एक रकाना राहिला. 'पेशंटची काही विशेष विनंती असल्यास'. आजवर कोणी भरलेला नाही, आणि वर कोणी वाचतही नाही. रेघ मारू?

हवालदार : रेघ कशाला? जागा आहे तर लिहा. "माननीय महोदय, अर्जदार तीन आठवड्यांच्या उपचारासाठी जात आहे. तरी अर्जदार बरा होऊन कामावर हजर होईपर्यंत सदर लढाई आहे त्या ठिकाणी थांबवून ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."

कंपाउंडर : खाली प्रत कोणाला?

हवालदार : "प्रत : पलीकडची बाजू, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी."