पदकाचा पहिला घोट

डोंगरातल्या नारीन शहराच्या बसथांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या जिपाराच्या शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. म्हातारीनं वाडग्यात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस ओतला आणि म्हाताऱ्याच्या कोटावरचं नवंकोरं पदक काढून त्यात सोडलं. जिपाराचे कान आपोआप तिकडे लागले.

"घ्या, नवं पदक मिळालंय, धुवा ते. सगळं पिऊन तळातलं पदक दातांनी उचलायचं. तुमच्या सरहद्दीच्या चौकीवरचाच रिवाज ना?"

"माझे दात हलतात गं. तूच पी."

"काहीतरीच. ज्याचं पदक त्यानं प्यायचं."

"आणि गिळलं गेलं तर? सरकार परत मागेल."

"अहो, त्या हिवाळ्यात चार महिने बर्फात खिंड कोणी राखली? मी?"

"खिंडीत आम्ही अकरा जण होतो, म्हातारे. घरी तीन पोरं आणि साठ मेंढ्या घेऊन तू एकटी होतीस."

"तसं कुठे लिहिलंय मानपत्रात?"

"नाही ना लिहिलं. म्हणून तर म्हणतो, पी."

मग म्हातारीनं वाडगा रिकामा केला, दातांत धरलेलं पदक डोक्यावरच्या रुमालाला पुसलं आणि म्हाताऱ्याच्या कोटावर परत लावलं.

"दात हलतात म्हणे. सकाळी अख्खं सफरचंद खाल्लंत."

"मऊ होतं गं ते."